कॉटेज प्रेअरमध्ये खरं बोललेलं चालतं का?

दुपारपाळी

सलाम मंडळी.

एरवी मी इथे नुसती वाचत असते. आज लिहायला बसले ते गेल्या बुधवारमुळे.

मी सोलापूरची, सात रस्त्याजवळ राहते. सरकारी नोकरीतली नर्स होते, आता रिटायर. दर बुधवारी संध्याकाळी सातला आमच्या हॉलमध्ये कॉटेज प्रेअरची, म्हणजे घरगुती प्रार्थनासभेची, सतरंजी पडते. दहा-बारा माणसं येतात. दोन गीतं, एक शास्त्रभाग, प्रार्थना विनंत्या, मग चहा. एकोणीस वर्षं हे चाललंय.

विनंत्यांचं आमचं ठरलेलं असतं. कुणाचा गुडघा, कुणाच्या पोराची बारावी, कुणाचा व्हिसा, आणि पाणी. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात पाण्यासाठी प्रार्थना करावीच लागते, त्यात थट्टा नाही. पण एकोणीस वर्षांत "आमच्या घरात दोन महिने कुणी कुणाशी बोलत नाही" अशी विनंती मी ऐकलेली नाही. अशी तीन घरं त्याच सतरंजीवर बसतात हे मला माहीत आहे. (एक माझंच होतं.)

आमच्यात रेल्वेतून रिटायर झालेले एक काका येतात. मोठ्याने प्रार्थना कधी करत नाहीत. पाळी आली की "पुढं चला" अशी मान हलवतात. त्या दिवशी त्यांनी डोळे मिटलेच नाहीत. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत म्हणाले,

"देवा, अकरा महिने झाले, पोराचा फोन नाही. तू बघालास ना सगळं? मग गप का बसलास? मला तुझ्याशी बोलायचंच नाही आता. सवय आहे म्हणून आलोय. आमेन."

त्या आमेनच्या मागे कुणी आमेन म्हटलं नाही. पंख्याचा आवाज तेवढा. मग एका ताईंनी घाईघाईने गीत सुरू केलं, आणि गीत संपल्यावर दुसऱ्या बंधूंनी काकांच्या प्रार्थनेला रफू केला: "हे सर्वसमर्थ, दयाळू, स्वर्गीय पित्या, आमच्या बंधूच्या अविश्वासाची क्षमा कर..." काकांनी चहा घेतला नाही. चपला घालून गेले.

दुसऱ्या दिवशी मला दोन फोन आले. एकीचं म्हणणं, वातावरण बिघडलं. दुसरे म्हणाले, पाळकसाहेबांना सांगून त्यांची समजूत काढायला हवी. संध्याकाळपर्यंत व्हॉट्सअ‍ॅपच्या प्रार्थना ग्रुपवर आलंच, "एका बंधूसाठी प्रार्थना करा, विश्वासात थंड झाले आहेत." नाव नव्हतं. पण आमच्यात रेल्वेचे पेन्शनर एकच.

मला खरं तर त्यांचा हेवा वाटला.

मे २०२१. आमचे हे नवव्या दिवशी ऑक्सिजनवर होते. फोन स्पीकरवर टाकून मी त्यांच्या कानाशी धरला होता, पलीकडे वीसेक जण प्रार्थना करत होते. यशया ५३ मधलं वचन पुन्हा पुन्हा, "त्याला बसलेल्या फटक्यांनी आम्हाला आरोग्य प्राप्त झाले." मग आमच्यातल्याच एक ताई म्हणाल्या, "प्रभूने मला दाखवलंय, रविवारी भाऊ घरी येणार." माझी नजर ऑक्सिमीटरवर होती. तोंडाला मास्क असून ७८. चौतीस वर्षं वॉर्डात काढलेल्या बाईला ७८ म्हणजे काय ते कुणी सांगावं लागत नाही. मी म्हटलं, "आमेन."

शनिवारी पहाटे ते गेले. त्या रविवारचं नाव नंतर कुणी काढलं नाही. मीही नाही. त्या ताई आजही दर बुधवारी येतात, माझा हात हातात घेतात. आणि मी प्रार्थना चालवते, चांगली चालवते असं लोक म्हणतात. तोंड चालवते म्हणा.

आता सांगा. उद्या बुधवार आहे. काका येतील की नाही ठाऊक नाही. आले तर त्यांना बोलू द्यायचं की गीत वाढवायचं?

---

शेंगाचटणी

काकू, आधी एक हसण्याचं सांगते, रागावू नका. आमच्या चर्चमध्ये एक वडील प्रार्थनेतच नोटीस वाचतात. "हे प्रभू, तुला ठाऊक आहे की येत्या रविवारी चार वाजता महिला मंडळाची सभा आहे, आणि हेही ठाऊक आहे की काहींची वर्गणी अजून आलेली नाही." देवाला ठाऊक असेल तर आम्हाला का ऐकवता? माझ्या सासूबाईंची तर खास माझ्यासाठी प्रार्थना असायची: "या घरातल्या धाकट्यांना नम्रता दे." डोळे मिटून मारलेला टोमणा. उलट उत्तर देता येत नाही, मध्ये आमेन येतं.

म्हणजे मोठ्याने केलेली प्रार्थना बऱ्याचदा देवासाठी नसतेच. शेजारच्याने ऐकावी म्हणून असते. तुमच्या काकांची मला पहिली अशी वाटली जी शेजाऱ्यांसाठी नव्हती. म्हणूनच शेजारी बावचळले.

---

नगरी_भाऊ

ताई, काकांनी काही नवीन केलेलं नाही. स्तोत्रसंहितेतली दीडशे स्तोत्रं कधी ओळीने वाचून बघा. तिसरा हिस्सा तरी रडगाणी आहेत, आणि रडगाणी म्हणजे तक्रारच. "हे परमेश्वरा, तू मला कोठवर विसरणार?" हे तेराव्या स्तोत्राचं तोंड. यातली बहुतेक स्तोत्रं शेवटी वळतात, उपकारस्तुतीवर येतात. ८८वं वळत नाही. एज्राही हेमानाचं ते. शेवटच्या ओळीत अंधार आहे आणि तिथेच ते थांबतं. उपासनेत मी ते वाचलेलं आजवर ऐकलं नाही. तेविसावं मात्र लग्नात, मयताला, दुकानाच्या उद्घाटनाला, सगळीकडे चालतं.

उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) बारा ते तीन आपण प्रभूंच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात संदेश ऐकतो. चौथा कोणता? "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" प्रभू वधस्तंभावर हे बोलले, तेही स्वतःचे शब्द घेऊन नाही, बाविसावं स्तोत्र म्हणत. त्यांना कुणी "विश्वासात थंड" म्हणत नाही. रेल्वेच्या पेन्शनरला म्हणतात.

---

योएल_२_२८

प्रेज द लॉर्ड. सगळ्यांचा मान राखून वेगळं मत मांडतो. नीतिसूत्रे १८:२१ म्हणते, मरण व जीवन जिभेच्या अधीन आहेत. आपण जे बोलतो ते पेरतो. आमच्या फेलोशिपमध्ये शिकवतात की परिस्थिती बोलू नका, वचन बोला. दहा जणांत एकाने "देव गप्प आहे" म्हटलं की बाकी नऊ जणांचा विश्वास खाली बसतो. परवाच बाप्तिस्मा घेतलेला एखादा मुलगा तिथे बसला असेल तर? त्याने काय न्यायचं घरी? दुःख खासगीत देवापुढे ओतावं. सभेत उभारणी व्हावी.

सिस्टर, तुमच्या मिस्टरांबद्दल वाचून वाईट वाटलं. पण त्या ताईंची चूक झाली म्हणून विश्वासाने घोषणा करणंच चूक, असं होत नाही.

---

नगरी_भाऊ

भाऊ, सगळं गमावलेल्या ईयोबाचं पुस्तक वाच. त्याचे मित्र पानंच्या पानं "वचन बोलतात", देव न्यायी आहे, पश्चात्ताप कर, सगळं शास्त्रशुद्ध. ईयोब तिसऱ्या अध्यायापासून जन्मदिवसाला शाप देत सुटतो. आणि शेवटी, ४२:७ मध्ये, देव कुणावर संतापतो? मित्रांवर. म्हणतो, माझा सेवक ईयोब माझ्याविषयी जे यथार्थ बोलला तसे तुम्ही बोलला नाहीत.

त्या मित्रांनी एकच गोष्ट बरोबर केली होती, सुरुवातीला. सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले, एक अक्षर बोलले नाहीत. तोंड उघडलं आणि बिघडलं.

---

योएल_२_२८

ईयोबाचा मुद्दा मान्य. पण ईयोब सभा चालवत नव्हता. नवीन मुलाचं काय, याचं उत्तर अजून मिळालं नाही.

---

पूर्वभाग

नवीन मुलाचं मी सांगते, कारण मी नवीन होते.

माझं माहेर सोलापूरच्या पूर्व भागात, घरात तेलुगू. बावीस वर्षांची असताना मी मंडळीत आले. पहिल्या सभेत वाटलं, सगळे किती सुखी आहेत हे. साक्षी सगळ्या जिंकलेल्या. मग मला पहिल्यांदा दिवस गेले आणि तिसऱ्या महिन्यात पडलं. मला वाटलं, या सगळ्यांचं होतं, माझं होत नाही, म्हणजे माझ्यातच खोट आहे. दोन वर्षं तसं वाटत राहिलं. नंतर कळलं, माझ्या शेजारी बसणाऱ्या दोघींचंही पडलं होतं. त्यांनी कधी सांगितलं नाही, मी कधी विचारलं नाही. उभारणी चालली होती ना.

आणि भाषेचं एक. मला रडू येतं तेलुगूत, प्रार्थना करते मराठीत. तीही पुस्तकी. "आम्हास साहाय्य कर" असं मी घरी नवऱ्यालासुद्धा कधी म्हटलेलं नाही. एकदा सभेत चुकून तेलुगूत सुरू झाले. कुणाला कळलं नाही, तेवढंच खरं बोलले असेन.

---

दुपारपाळी

पूर्वभाग, तुझं वाचून उठले आणि पाणी प्यायले.

भाषेवरून आठवलं. पुण्याच्या गाडीत बसलं की वाटेत केडगाव लागतं. आई दर वेळी खिडकीतून बोट दाखवायची, इथे पंडिता रमाबाईंनी बायबलचं भाषांतर केलं. हिब्रू-ग्रीक शिकून, आणि ते साध्या मराठीत, खेड्यातल्या बाईला कळेल असं. छापलंही तिथल्या बायकांनीच. १९०५मध्ये त्यांच्या तिथल्या मुक्ती मिशनमध्ये संजीवन झालं, म्हणजे विश्वासाची लाट आली, तेव्हा मुली एकदम, मोठमोठ्याने, रडत प्रार्थना करायच्या. काही मिशनरींना तो गोंगाट सोसवला नव्हता. म्हणजे बावचळणं जुनंच आहे.

रोमकरांस ८:२६ मध्ये आत्मा "अनिर्वाच्य कण्हण्याने" विनंती करतो असं आहे. ते वाचताना लोक आवाज भारदस्त करतात. मी रात्रपाळीला कण्हणं ऐकलंय. ते भारदस्त नसतं. बारीक असतं, नाकातून येतं, आणि पेशंटला स्वतःला कळतही नसतं आपण कण्हतोय म्हणून.

---

वारीची_वाट

मी ख्रिस्ती नाही, तरी बोलू का? सोलापूरहून पंढरपूर सत्तरेक किलोमीटर. आमच्याकडे देवाशी भांडणं ही भक्तीच समजतात. जनाबाईने विठोबाला दिलेल्या शिव्या लोक टाळ वाजवत म्हणतात. तुकोबांनी तर देवाला दिवाळखोर ठरवायचं तेवढं बाकी ठेवलं. तुमचे ना. वा. टिळक म्हणायचे ना, मी तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो? मग तो पूल ओलांडताना भांडण अलीकडच्या काठावरच राहिलं की काय?

---

नगरी_भाऊ

लई खरं बोललात. टिळकांनी आणलं होतं बरोबर. आम्ही इस्त्री केली.

---

वसईकर

आम्हा कॅथलिकांकडे थोडं वेगळं. खरं बोलायची जागा पापनिवेदनाची. तिथे बोललेलं धर्मगुरूने बाहेर काढायचं नाही, जीव गेला तरी. आणि चारचौघांत पाठ प्रार्थना. पूर्वी मला जपमाळ म्हणजे पोपटपंची वाटायची. वडील गेले त्या आठवड्यात एक शब्द सुचत नव्हता, तेव्हा घरात बायका जपमाळ म्हणत होत्या आणि मी नुसता त्या आवाजात बसलो होतो. माझ्या वाटणीची प्रार्थना त्या करत होत्या. तेव्हा पाठ प्रार्थनेला खोटी म्हणू नका. दुपारपाळी ताई म्हणतात "तोंड चालवते". काही वर्षं तोंडच चालवावं लागतं.

पण तुमचा खरा प्रश्न मला वेगळा वाटतो. काका बोलले हा नाही. काकांचं बोलणं संध्याकाळी ग्रुपवर गेलं हा.

---

शेंगाचटणी

हेच्च! "प्रार्थनेसाठी सांगते हं" असं सुरू झालं की समजायचं, आता बातमी येणार. माझ्या मावसबहिणीने मुलीच्या घटस्फोटासाठी महिला मंडळात विनंती ठेवली. पोरीने अजून नोटीससुद्धा पाठवली नव्हती, आणि आठवड्यात पुण्याहून स्थळ आलं, "दुसरेपणाचं चालेल" म्हणून. तेव्हापासून ती फक्त गुडघ्यासाठी प्रार्थना मागते. गुडघे ठणठणीत आहेत तिचे.

याकोब ५:१६, "एकमेकांजवळ आपली पापे कबूल करा", यावर आमच्याकडे मी संदेश ऐकलेला नाही. ऐकला तरी कोण करणार? आधी एकमेकांची तोंडं बंद ठेवायचा संदेश द्या.

---

मागचा_बाक

पाळक आहे. कुठला ते विचारू नका, सोलापूर जिल्ह्यातला समजा.

पाळकाला प्रार्थना नाही म्हणता येत नाही. नवी गाडी आणली, प्रार्थना. बोअरवेलला जागा बघितली, प्रार्थना. ऑपरेशन थिएटरच्या दारात, लग्नाच्या बोलणीत, भाऊबंदकीच्या वाटणीत, दोन्हीकडच्यांना तीच प्रार्थना. दिवसातून आठ-दहा वेळा मी देवाशी दुसऱ्यांच्या वतीने बोलतो. स्वतःचं बोलायला एकच जागा आहे. हेल्मेट घालून होटगी रोडने जाताना. आत काय चाललंय ते बाहेर कळत नाही. दोन वर्षांपूर्वी एका सहा वर्षांच्या मुलाला पुरून परत येताना मी हेल्मेटमध्ये जे बोललो ते पंचकमिटीने ऐकलं असतं तर माझी बदली झाली असती.

१ शमुवेल, पहिला अध्याय. हन्ना मंदिरात प्रार्थना करते, ओठ हलतात, आवाज नाही. याजक एली बघतो आणि म्हणतो, किती वेळ नशेत राहणार? खरी प्रार्थना याजकाला दारू वाटली. सांगायला लाज वाटते, पण तुमच्या काकांना समजवायला माझ्याकडे कुणी आलं असतं तर पंधरा दिवसांपूर्वीचा मी गेलो असतो. हातात वचनांची छापील पत्रिका घेऊन.

ताई, त्यांच्या घरी तुम्ही जा. बुधवारच्या आधी. पाळकाला पाठवू नका.

---

योएल_२_२८

पास्टर, तुमचं वाचून कालपासून बोललो नाही. माझी स्पर्धा परीक्षा तीनदा गेली. दर वेळी मी सभेत आधीच साक्ष दिली होती, की झालो पास. तिसऱ्या वेळेनंतर मी ती फेलोशिप बदलली. कारण म्हणून सांगितलं, लांब पडते. लांब पडत नव्हती.

माझं मत अजून तेच आहे. पण एवढं सांगावंसं वाटलं.

---

दुपारपाळी

उशिरा लिहितेय, माफ करा. सगळ्यांची वाट बघणं वाचलं.

मंगळवारी काकांकडे गेले. शेंगाचटणी नेली (इथल्या ताईंचं नाव वाचूनच सुचलं). ते खुर्चीवर बसून ट्रान्झिस्टरची बॅटरी घासत होते. मी काही पाठ करून गेले होते, ते बोलू दिलंच नाही. म्हणाले, "सिस्टर, मी चिडलोय म्हणून तर येतो. चिडलो नसतो तर घरी टीव्ही बघत बसलो असतो." ग्रुपवरचा मेसेज त्यांना भाचीने दाखवला होता. त्यावर फक्त म्हणाले, "थंड? एवढ्या उन्हात?"

बुधवारी आठच माणसं आली. रफूवाले बंधू आले नाहीत, निरोपही नाही. मी स्वयंपाकघरातला पिठाचा रिकामा डबा मधोमध ठेवला आणि म्हटलं, मोबाइल यात, आणि इथलं बोलणं इथेच. एक जण म्हणाले, अर्जंट फोन येणार आहे. काका म्हणाले, माझाही यायचाय, अकरा महिने झाले, आणि आपला मोबाइल पहिल्यांदा डब्यात टाकला. मग सगळ्यांनी टाकले.

८८वं स्तोत्र वाचलं. अंधाराशी थांबले. पुढे गीत घेतलं नाही. शेजारच्या सीरियलचा आवाज भिंतीतून येत होता, सासू कुणावर तरी ओरडत होती. तीन-चार मिनिटं असेल, मला तासासारखी वाटली. कुणीही मोठं काही बोललं नाही. एकीने म्हटलं, "मला झोप येत नाही, का ते सांगणार नाही." काकांनी नेहमीसारखी मान हलवली, पुढं चला. शेवटी सगळ्यांनी मिळून प्रभूची प्रार्थना म्हटली. "आमची रोजची भाकर आज आम्हांस दे" इथे आल्यावर पहिल्यांदाच लक्षात आलं, त्यात "माझी" असा शब्दच नाही. सगळीकडे आमची, आम्हांस, आमच्या.

मी माझं बोलणार होते. नाही जमलं.

चहा झाल्यावर त्या ताई, रविवारवाल्या, कप विसळायला आत आल्या. मी ओटा पुसत होते. नळ बारीक सोडून (पाण्याचा दिवस नव्हता) त्या एकेक कप धूत होत्या, पाठ माझ्याकडे. म्हणाल्या, "मला तेव्हा काही दिसलं नव्हतं गं. तू रडत नव्हतीस. त्याने मी घाबरले, आणि तोंडातून गेलं." मी म्हटलं, "मला ७८ दिसत होतं. तरी आमेन म्हटलं." त्यांनी नळ बंद केला. मी टॉवेल दिला, त्यांनी हात पुसले, मग त्याच टॉवेलने कप पुसायला लागल्या. एरवी मी ओरडले असते.

काकांच्या पोराचा फोन अजून आलेला नाही. पुढच्या बुधवारी विलापगीताचा तिसरा अध्याय घेऊया असं एकीने सुचवलंय. काकांनी विचारलं, वचनं किती? सहासष्ट, म्हटल्यावर म्हणाले, "निम्मा घ्या. मला नवाच्या आत गोळ्या घ्यायच्या असतात."